इंजिन एकदम झकास

वाईट गाडीबद्दल वाईट बोलणारा मालक मला अजून भेटायचा आहे. सुनेबद्दल सासू बोलते, साहेबाबद्दल कारकून बोलतो, सरकारबद्दल तर सगळेच बोलतात, पण दर दोन मैलांवर रस्त्याच्या कडेला टेकणाऱ्या गाडीचा मालक बॉनेटमधून काळं झालेलं तोंड वर काढून म्हणणार, "बाकी काही म्हणा, इंजिन एकदम झकास आहे!" यातलं 'बाकी काही' म्हणजे ब्रेक, गिअर, दिवे, दारं, काचा, टायर आणि पत्रा. एवढं सगळं वजा केल्यावर जे उरतं ते झकास असतं, आणि नेमकं तेच चालू होत नसतं.

जुन्या गाड्यांच्या बाजारात तर ही निष्ठा कळसाला पोचते. 'डॉक्टरची गाडी आहे' असं सांगतात तेव्हा मला हमखास वाटतं, की डॉक्टरांनी नाडी बघून नातेवाइकांना बोलवायला सांगितलं असणार. 'सिंगल हँड' म्हणजे हिचे जे हाल झाले ते एकाच माणसाने केले. 'फारशी फिरलेली नाही, घरात उभीच असते' हे मात्र शंभर टक्के खरं. त्याबद्दल कुणाला शंका नको. आणि 'थोडं किरकोळ काम आहे' या वाक्यावर ज्यांनी भरवसा ठेवला त्यांची घरं मी पाहिली आहेत. अंगणात ताडपत्री असते, ताडपत्रीखाली ते किरकोळ काम असतं.

यात मालकांना तरी किती दोष द्यायचा? आपल्याकडे कित्येक वर्षं गाडी निवडायची नसायची, मिळवायची असायची. ॲम्बेसेडर, फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड. संपली यादी. ॲम्बेसेडर म्हणजे मुळात विलायतेतली मॉरिस ऑक्सफर्ड. बंगालात उत्तरपाड्याला १९५७ च्या सुमारास ती निघायला लागली आणि २०१४ पर्यंत निघतच राहिली. विलायतेत मूळ मॉरिस लोकांच्या आठवणीतूनही गेली, इकडे तिचे नवे कोरे अवतार सरकारी पोर्चमध्ये लाल दिवा लावून उभे. फियाट आपल्या कुर्ल्याची. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये ती तयार व्हायची. पुढे तिचं 'प्रीमियर पद्मिनी' असं बारसं झालं, पण माहेरच्या नावाने हाक मारायची सवय लोकांनी सोडली नाही. इंजिन १०८९ सीसीचं, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. त्यामुळे पुढच्या सलग सीटवर तिसरा माणूस बसवता यायचा, आणि आपल्याकडे जिथे तिसरा बसतो तिथे चौथा दाराला टेकून बसतोच.

यांतल्या एकीसाठी पैसे भरून नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं थांबायचं. १४ डिसेंबर १९८३ ला दिल्लीत पहिल्या मारुतीची किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात पडली, तोवर बुकिंगची पावती हीच मध्यमवर्गाची स्थावर मालमत्ता होती. अर्ज बापाने करावा, पावती जपून ठेवावी आणि गाडी पोराने चालवावी. एवढ्या तपश्चर्येने मिळालेल्या गाडीला वाईट कोण म्हणेल? नवसाचं पोर रात्रभर केकाटलं तरी आजी म्हणतेच ना, "गळा गोड आहे हो!"

मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ची. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. त्या दिवशी तिच्यासाठी गहिवरलेल्या मजकुरांचा पूर आला होता. लिहिणाऱ्यांनी तिच्यात बसून काय काय सोसलं होतं ते मला ठाऊक आहे. आत शिरताना मान, बसताना गुडघा आणि उतरताना शर्ट, यांपैकी एक तरी तिला द्यावंच लागायचं. पण गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, या नियमात आपण गाड्याही बसवल्या आहेत.

आमच्या बापूकाकांच्या गाडीच्या कंपनीचं नाव मी सांगणार नाही. लपवायचं म्हणून नव्हे. मूळ कंपनीचं तिच्यात काही उरलंच नव्हतं. इंजिन एकीचं, गिअरबॉक्स दुसरीचा, मागची सीट कुठल्याशा मोडीत निघालेल्या व्हॅनची. तीन दारं पांढरी आणि चौथं पोपटी. उरलेले भाग कोल्हापूरच्या उद्यमनगरातले. तिथे लेथवर उभा असलेला माणूस जगातला कुठलाही पार्ट बनवून देतो, नमुना दाखवायची खोटी. काका नमुना न घेताच जायचे आणि हातवारे करून पार्ट समजावून सांगायचे. तो बनूनही यायचा आणि बसायचाही. फक्त त्यानंतर शेजारचा पार्ट बसेनासा व्हायचा.

या गाडीत बसायचं एक शास्त्र होतं. पुढचं डावं दार फक्त आतून उघडायचं, मागचं उजवं फक्त बाहेरून, पोपटी दार कुठूनच उघडायचं नाही. म्हणजे आधी काकांनी बसायचं, आडवं होऊन डावं दार उघडायचं, मग तिथे बसणाऱ्याने आधी मागे जाऊन बाकीच्यांना आत घालायचं आणि शेवटी आपण बसायचं. उतरताना हेच उलट. काचा वरखाली करायला चार दारांत मिळून एक हँडल होतं. ते काकांच्या ताब्यात असे आणि ऊन लागलं की मागणीप्रमाणे मागे फिरवलं जाई. मागे डाव्या बाजूला पायाशी पत्रा कुजून वीतभर भोक पडलं होतं, त्यावर काकूने जेवायला बसायचा जुना पाट टाकला होता. पाट सरकला की खालून डांबर पळताना दिसे. काकूची एक चप्पल त्या वाटेने गेली होती. वेगाचा काटा चाळिसावर अडकलेला. अंगणात उभी असतानाही गाडी ताशी चाळीसने जात असायची.

काकू तिला 'सवत' म्हणायची. त्यात विनोद थोडा आणि हिशेब जास्त होता. "पाटल्या करायच्या ठरल्या त्या दिवाळीला हिचं हेड उतरलं. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन पुढं ढकललं, का तर हिच्या किंगपिना गेल्या. गौरीला पैठणी घ्यायची होती, तर हिला चार टायर!" असा सगळा जमाखर्च तिच्या जिभेवर होता. काका यावर भांडत नसत. एवढंच म्हणायचे, "पण इंजिन बघ."

तर अशा गाडीतून आम्ही रत्नागिरीला निघालो ते थेट लग्नाची हळद घेऊन. चुलतभावाचं लग्न, नवरी रत्नागिरीची, मे महिना. नवऱ्या मुलाला लावून उरलेली उष्टी हळद नवरीकडे जाते आणि ती पोचल्याशिवाय तिकडची हळद अडून राहते. वऱ्हाडासाठी बस ठरली होती. हळद बसमधून जावी हे सरळ होतं. पण काकांना सरळ गोष्टी पटत नसत. "बस काय, थांबत थांबत येणार. कुणाला उलटी, कुणाला चहा. हळद माझ्याकडं द्या. कोल्हापूर-रत्नागिरी म्हणजे काय, सव्वाशे-एकशेतीस किलोमीटर. चारच्या ठोक्याला पोरीच्या गालाला हळद!"

पुढे काका आणि तात्या. तात्या शेजारचे, ट्रकवर आयुष्य काढून निवृत्त झालेले. मागे काकू, मी आणि आमच्या मध्ये साड्यांची बॅग. काकूच्या मांडीवर फडक्यात बांधलेली चांदीची वाटी. तात्यांच्या पायाशी एक दगड. हा दगड गाडीचाच भाग होता. हँडब्रेक नव्हता म्हणून चढावर चाकाखाली लावायला तो ठेवलेला. इतकी वर्षं वापरून गुळगुळीत झाला होता, वर शेंदूर फासायचा तेवढा बाकी होता.

गाडी गल्लीतल्या पोरांनी ढकलून चालू करून दिली. त्यात नवल काही नव्हतं. काकांकडे पाहुणे आले की पोरं आपण होऊन गाडीमागे येऊन उभी राहायची.

वाघबिळाच्या चढाला दुपारचं ऊन मी म्हणत होतं. अर्ध्या चढात इंजिनाने दोन आचके दिले आणि सगळं शांत झालं. "दगड!" काका ओरडले. तात्यांनी पायाशी हात घातला, दार आतून उघडलं, खाली उडी मारली आणि मागच्या चाकाखाली दगड सारला; एवढ्यात गाडी फार तर दोन हात मागे गेली असेल. ट्रकवर काढलेली हयात दिसत होती.

"लॉक झाली," काका खुशीत म्हणाले. बिघाड ओळखता आला की काकांना निम्मी दुरुस्ती झाल्यासारखं वाटे. त्या काळच्या पेट्रोलच्या गाड्यांची ही उन्हाळी खोड. पेट्रोल ओढणारा पंप इंजिनालाच जोडलेला असतो. इंजिन तापलं की पंपही तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि वाफ काही पंपाला ओढता येत नाही. उपाय एकच: पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. त्या वर्षांत उन्हाळ्यात घाटाच्या तोंडाशी बॉनेट उघडून फडकं भिजवणारा इसम दिसला नाही असा प्रवास नसायचा. काकांनी फडक्यासाठी हात मागे केला. काकूने मुकाट्याने आपला घामाचा रुमाल दिला. पाटल्यांच्या पाठोपाठ तोही गेला.

नेमकी तेव्हाच वऱ्हाडाची बस मागून आली. ड्रायव्हरने वेग कमी केला, खिडक्यांतून डोकी बाहेर आली. कुणीतरी ओरडलं, "काय झालं हो बापूकाका?" या क्षणी हळदीची वाटी वर पोचवायला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण काकांनी विजेच्या वेगाने बॉनेट पाडलं, तात्यांच्या हातातला थर्मास हिसकावून उंच धरला आणि ओरडले, "चहाला थांबलोय! तुम्ही व्हा पुढं, आम्ही आलोच!" बस गेली. थर्मासात गाडीसाठी घेतलेलं पाणी होतं.

बांबवड्यात पेट्रोल बघायला थांबलो. पेट्रोलचा काटा कायम 'पूर्ण'वर असल्यामुळे काकांनी एक वेताची काठी ठेवली होती. ती टाकीत बुडवायची, बाहेर काढून ओल कुठवर आली ते बघायचं. काठीवर सुरीने खुणा केलेल्या, प्रत्येक खुणेपाशी गावांची नावं. इथवर ओल आली तर पन्हाळा, इथवर तर सांगली, इथवर तर पुणे. रत्नागिरीची खूण काठीवर नव्हती, ती काकांनी तिथल्या तिथे अंदाजाने कोरली.

पुढे बऱ्याच वर्षांनी मला कळलं, की पूर्व जर्मनीतली माणसं याच पद्धतीने गाडी चालवत होती. त्यांची ट्राबांट ही गाडी १९५७ पासून १९९१ पर्यंत निघत होती. टू-स्ट्रोक इंजिन, म्हणजे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं आणि मागे निळा धूर सोडत जायचं. पत्र्याची टंचाई, म्हणून बॉडीचा बराचसा भाग सुती गिरण्यांचा टाकाऊ कापूस आणि रेझिन दाबून बनवलेला. टाकी बॉनेटखालीच, आणि बहुतेक गाड्यांना पेट्रोलचा काटाच नाही. टाकीत पट्टी बुडवून बघायची. तीही दहा-दहा वर्षं वाट पाहून मिळायची. आणि आज जर्मनीत तिच्यावर जीव टाकणारे हौशी लोक क्लब काढून बसलेत. मी हे सगळं काकांना सांगितलं. मला वाटलं हसतील. ते गंभीरपणे म्हणाले, "पेट्रोलची टाकी इंजिनाच्या वर? म्हणजे पंपच नको. म्हणजे लॉक व्हायचा प्रश्नच नाही." आणि थोडा वेळ विचार करून, "आपल्या बॉनेटखाली जागा आहे का रे?" काकूने स्वयंपाकघरातून भांडं आपटलं, म्हणून तो विषय तिथेच राहिला.

बांबवडं सोडून जरा पुढे गेलो आणि होजपाइप फाटला. रेडिएटरमधून इंजिनाकडे पाणी नेणारी ही रबराची नळी. फाटली की गाडी पुढे न्यायची नाही, एवढं काकांनाही मान्य होतं. पाइप काढून त्यांनी माझ्या हातात दिला. "मलकापुरात नमुना दाखव आणि घेऊन ये. वडाप मिळंल."

वडाप मिळालं. ज्यांनी वडापाची जीप फक्त बाहेरून पाहिली आहे त्यांना वाटतं ती भरलेली असते. ती कधीच भरत नाही. कागदोपत्री जेवढी माणसं बसतात तेवढी नुसती पुढे होती. ड्रायव्हरच्या उजव्या बाजूलाही एक माणूस होता. त्यामुळे ड्रायव्हर डाव्या कुशीवर वळून, एक हात त्या माणसाच्या गळ्यातून काढून स्टिअरिंग धरत होता. माझ्या दोन गुडघ्यांच्या मध्ये गिअरचा दांडा आला. मागे कुणाच्या तरी पिशवीतून कोंबडी मधूनमधून मत देत होती. जीप थोडी धावली आणि ड्रायव्हर म्हणाला, "पाव्हणं, तिसरा टाकता का जरा?"

मी इकडेतिकडे पाहिलं.

"आवं तुम्हीच. माझा हात पोचत न्हाई. म्या क्लच दाबला की मागं वढायचा."

त्याने क्लच दाबला, मी दांडा ओढला. खाली काहीतरी करकरलं आणि जीप खूश झाली. "जमलं की!" उजवीकडचा माणूस म्हणाला. मलकापूर येईपर्यंत दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरची जबाबदारी माझ्याकडे होती. चौथा मात्र ड्रायव्हरने शेवटपर्यंत माझ्यावर सोपवला नाही, तेव्हा तो वाकून स्वतः टाकायचा आणि तेवढा वेळ रस्त्याकडे उजवीकडचा माणूस बघायचा. उतरताना भाडं पूर्ण घेतलं. मी गाडीबद्दल दोन शब्द बोललो, तर म्हणाला, "जुनी दिसत्या, पर इंजिन नवं टाकलंय." मी मान डोलावली.

मलकापुरात दुकानदाराने माझ्या हातातला पाइप उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "कुठल्या गाडीचा?" याचं उत्तर कुणालाच ठाऊक नसल्यामुळे मी गप्प राहिलो. त्याने आतून एक पाइप आणला. "ट्रॅक्टरचा हाय. बसंल." बसला. ब्लेडने दोन बोटं कापावा लागला, तारेने आवळावा लागला, पण बसला. तात्यांनी कान लावून ऐकलं आणि सांगितलं, आता आवाज पण जरा ट्रॅक्टरचाच येतोय.

चारचा ठोका कधीच होऊन गेला होता. आंब्याला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती आणि समोर घाट. कोल्हापूरकडून जाणाऱ्याला आंबा घाट उतरायचा असतो. चढाला इंजिन लागतं, उताराला ब्रेक. म्हणजे आता काकांचं झकास इंजिन बाजूला पडून 'बाकी काही'ची पाळी आली होती. ब्रेक होते, नव्हते असं नाही. तीनदा पेडल मारलं की चौथ्यांदा लागायचे. काकांनी पहिला गिअर टाकला, वळणाच्या कितीतरी आधीपासून पेडल मारायला सुरुवात केली, आणि तात्या दगड मांडीवर घेऊन, दार अर्धवट उघडं धरून, उडीच्या तयारीत बसले. काकूने एका हाताने वाटी धरली होती, दुसऱ्या हाताने जप चालला होता. डाव्या बाजूला दरीत मावळतीचा उजेड पसरला होता. सह्याद्रीचं असं रूप बघायला लोक मुद्दाम येतात, थांबतात, फोटो काढतात. आम्ही सगळे तात्यांच्या मांडीवरच्या दगडाकडे बघत होतो.

पहिल्या गिअरमध्ये इंजिन घुमत घुमत चाललं होतं, तापत होतं. घाट बराचसा उतरल्यावर बॉनेटच्या फटीतून वाफ आली. मग काचेवर गरम पाण्याचे थेंब. काकांनी एका वळणावर जरा रुंद जागा बघून गाडी डोंगराच्या बाजूला घातली, तात्यांनी दगड लावला. या वेळी पाइप नव्हता, खुद्द रेडिएटरच पाझरत होता. ट्रॅक्टरच्या पाइपाने त्याचा कोपरा दाबला गेला होता आणि तिथून बारीक चिळकांडी उडत होती.

"हळद टाका," तात्या म्हणाले.

हा जुन्या ड्रायव्हरांचा उपाय आहे, आणि थट्टा नव्हे, लागू पडतो. रेडिएटर थोडा गळत असेल तर आत हळदीची पूड टाकतात. गरम पाण्याबरोबर ती फिरते, फुगते आणि बारीक भोकात जाऊन बसते. तात्पुरतं काम होतं. पेट्रोलची टाकी गळली तर साबणाची वडी चोळतात, पावसात वायपर बंद पडला तर काचेवर तंबाखू चोळतात. आपल्या वाहनदुरुस्तीचा अर्धा भाग किराणा दुकानात मिळतो.

पण घाटात किराणा दुकान नव्हतं. कुणाच्या घरचा दिवासुद्धा दिसत नव्हता. काका, तात्या आणि मी अशा तिघांनीही एकदम मागे वळून काकूच्या मांडीकडे पाहिलं.

"खबरदार!" काकू म्हणाली.

"अगं, चिमूटभर."

"उष्टी हळद आहे ही! पोरीच्या अंगाला लागायची!"

"मग पोरीपर्यंत पोचायला नको का?" काका म्हणाले. आयुष्यात एकदाच त्यांचं म्हणणं बिनतोड निघालं होतं, आणि ते त्यांच्याही लक्षात आलं होतं.

काकू खाली उतरली. म्हणजे तात्यांनी बाहेरून दार उघडून तिला उतरवलं. तिने फडक्याची गाठ सोडली, दोन मिनिटं त्या वाफाळणाऱ्या बॉनेटकडे बघत उभी राहिली. मला वाटतं तेव्हा तिच्या डोळ्यांपुढून पाटल्या, पैठणी आणि डोळ्याचं ऑपरेशन ओळीने गेलं असावं. मग म्हणाली, "झाकण उघडा. मीच टाकते. निदान बाईच्या हातानं तरी लागू दे."

रेडिएटर निवेपर्यंत थांबलो. काकांनी धोतराच्या सोग्याने झाकण फिरवलं. काकूने बोटांनी निथळती हळद आत सोडली. पाचदा, कारण सवाष्णी पाच लागतात आणि तिथे एकच होती. डब्यातलं पाणी भरलं, थर्मासातलं भरलं. काकांना राहवेना. "घ्या! गाडीला हळद लागली!"

"लागली ना?" काकू वाटी बांधत म्हणाली. "आता एकदा बोहल्यावर चढवून सासरी पाठवा म्हणजे सुटले."

चिळकांडीची धार झाली, धारेचे थेंब झाले, थेंब लांबले. तात्यांनी समाधानाने बिडी पेटवली. दगड मांडीवर घेऊन आम्ही उरलेला घाट उतरलो.

साखरप्याला पाणी घ्यायला थांबलो तेव्हा अंधार पडला होता. चहाच्या टपरीवरच्या माणसाने कंदील खाली धरून गाडीखालचं थारोळं पाहिलं. पिवळंजर्द. वर काकांकडे पाहिलं आणि काळजीने विचारलं, "कावीळ झाली काय ओ हिला?"

"हळदीची आहे," काका म्हणाले.

त्याने जास्त विचारलं नाही. बादलीभर पाणी दिलं आणि पैसे घेतले नाहीत. नाणीज, पाली, हातखंबा असं करत, प्रत्येक गावाला थोडं पिवळं करून, आम्ही रत्नागिरीत शिरलो तेव्हा नवरीच्या घरी जेवणाची दुसरी पंगत उठत होती. बसमधली मंडळी अंघोळी करून, झोप काढून, पत्ते खेळत बसली होती. घर जरा चढावर, गाडी तिथवर जाईना. खाली रस्त्यावरच तात्यांनी दगड लावला. काका तिचं पाणी बघायला मागे राहिले आणि आम्ही वर गेलो.

माजघरात नवरी पाटावर बसून पेंगत होती. भोवती दहाबारा बायका, आणि सगळ्यांच्या नजरा काकूच्या हातावर. काकूने फडकं सोडलं. वाटीच्या तळाला हळद होती, नव्हती असं नाही.

"अगो बाई, एवढीशीच?" नवरीची मावशी म्हणाली.

"निघाली तेव्हा वाटीभर होती," काकू म्हणाली. दिवसभराचं ऊन, घाट आणि जप तिच्या आवाजात उतरले होते. "वाटेत आणखी एकीला लावावी लागली."

"वाटेत? कुणाला?"

"माझ्या सवतीला."

बांगड्यांची किणकिण थांबली. नवरीची झोप उडाली. कोपऱ्यात बसलेल्या आजीने चष्मा नाकावर नीट बसवला. आणि नेमके त्याच वेळी बापूकाका, पिवळे हात पंच्याला पुसत, हसतमुखाने दारात उभे राहिले.

आजीने त्यांच्या हातांकडे पाहिलं. "कुठे आहे ती?"

काकांकडे आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी आपण होऊन गाडीची चौकशी केली होती. त्यांचा चेहरा उजळला. "खाली रस्त्यावर उभी आहे. घाटात जरा तापली होती, आता शांत आहे. वय झालंय हो तिचं, पण आतून एकदम झकास! येताय बघायला? चला की. फक्त दोघातिघांना मागून ढकलावं लागेल."